बँकेवर निर्बंध आले, विम्याचे पैसे मिळाले, आणि त्यानंतरची तीन वर्षं

२०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. मे महिन्याच्या मध्यात ठेव विम्याचे (बँक अडचणीत आली की ठेवीदाराला मिळणाऱ्या विम्याचे) पाच लाख रुपये माझ्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जमा झाले. कागदावर बघितलं तर प्रकरण तीन महिन्यांत बरंचसं मिटलं. पण पैसे आल्यानंतर माझं जे झालं ते निस्तरायला पुढची दोन-तीन वर्षं गेली. फॉर्म कसा भरायचा हे सांगणारे त्या काळात खूप जण भेटले. खात्यात पैसे असूनही रात्री झोप का लागत नाही, मुलीच्या क्लासची फी भरताना हात का थरथरतो, यावर बोलणारं मात्र कुणी भेटलं नाही. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र लिहिते आहे. बँकेचं नाव लिहीत नाही. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांना नावाने फरक पडत नाही.

मी डोंबिवलीत राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. नवरा खासगी कंपनीत, मुलगी तेव्हा अकरावीत, आणि सासूबाई आमच्याजवळ. त्या बँकेत माझ्या नावावर तीन एफडी होत्या आणि बचत खात्यात अडतीस हजार. व्याज धरून सगळे मिळून साधारण साडेसहा लाख. वीस वर्षांच्या नोकरीतून बाजूला टाकलेले, मुलीच्या शिक्षणासाठीचे. सासूबाईंची दोन लाखांची एफडी त्यांच्या आणि नवऱ्याच्या जोडनावावर होती.

बातमी संध्याकाळी लॅबमध्ये असताना फोनवर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेचं शटर अर्धं उघडं होतं, बाहेर नोटीस चिकटवलेली आणि जिन्यापर्यंत माणसं. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्बंध, मुदत सहा महिने, नवीन ठेवी नाहीत, नवीन कर्जं नाहीत, पैसे काढता येणार नाहीत. सगळ्यांना २०१९ आठवत होतं. तेव्हा पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची परवानगी होती. रांगेत माझ्या पुढे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात धरून उभे होते, जणू ती दाखवली की कुणीतरी काउंटर उघडेल. आत कॅशियर बाई एकेकाला तेच उत्तर देत होत्या. माझी पाळी आली तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, माझीही एफडी इथेच आहे. पगारही इथेच होतो." त्यानंतर मला त्यांच्याशी भांडता आलं नाही, आणि ते बरंच झालं. पुढचे सगळे कागद त्यांनीच मला नीट समजावले.

आधी कागदांचं सांगते, कारण ज्यांच्यावर आत्ता ही वेळ आली आहे त्यांना ते पहिल्यांदा हवं असेल.

सप्टेंबर २०२१ पासून ठेव विम्याच्या कायद्यात बदल झाला आहे. पूर्वी बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात, म्हणजे कायमची बंद करून देणी भागवायला, निघेपर्यंत विम्याचे पैसे मिळत नसत, त्यात वर्षानुवर्षं जायची. आता निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची असते. पहिले ४५ दिवस बँकेने ठेवीदारांची यादी आणि संमतीपत्रं (विम्याचे पैसे घ्यायला तयार असल्याची) गोळा करून पाठवायला, पुढचे ४५ दिवस ठेव विमा महामंडळाला (डीआयसीजीसी, रिझर्व्ह बँकेची संस्था) तपासून पैसे द्यायला. मर्यादा पाच लाख, तीही ४ फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी १९९३ पासून ती एक लाखावरच होती. या पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतं, आणि एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधल्या तुमच्या एकाच हक्कातल्या (म्हणजे एकट्याच्या नावावरच्या) सगळ्या ठेवी एकत्र मोजल्या जातात. कर्ज असेल तर ते वजा होतं. जोडनावाच्या खात्याचा हक्क वेगळा धरतात, त्यामुळे सासूबाईंची एफडी माझ्या पाच लाखांत आली नाही, ती पूर्ण सुटली.

कागद फार नव्हते: संमतीपत्र, आधार, पॅन, एफडीच्या पावत्यांच्या झेरॉक्स, आणि ज्या दुसऱ्या बँकेत पैसे हवेत तिथल्या पासबुकाचं पहिलं पान. माझी अडचण नावाची निघाली. एक एफडी लग्नापूर्वीच्या खात्यातून सुरू झालेली, तिच्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला आणि शंभरच्या स्टँपपेपरवर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र, नोटरीसह साडेतीनशे रुपये. सासूबाईंची अडचण वेगळी. त्यांचं दुसरं खातं मूळचं देना बँकेतलं, पासबुकही तेव्हाचंच जुनं. ती बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाल्यावर आयएफएससी, म्हणजे पैसे पाठवताना लागणारा शाखेचा कोड, बदलला होता. जुना कोड लिहिलेला फॉर्म कॅशियर बाईंनी परत केला, म्हणाल्या, "नवीन पासबुक छापून आणा, नाहीतर पैसे फिरून परत येतील." असे फॉर्म त्यांच्या टेबलावर गठ्ठ्याने पडले होते.

मुंबई सेंट्रल स्टेशनसमोर महामंडळाचं कार्यालय आहे. नवरा तिथे जायला निघाला होता, मी थांबवलं. ठेवीदारांचे अर्ज बँकेमार्फतच जातात, महामंडळ ठेवीदाराकडून थेट घेत नाही. 'लवकर काढून देतो, दोन टक्के द्या' म्हणणारे एजंटही शाखेबाहेर फिरत होते. त्यांच्या हातात काहीही नसतं. संमतीपत्राची पोच मात्र शिक्क्यासकट घ्या.

हे सगळं मी अगदी शांतपणे केलं. लॅबमध्ये नमुन्यांना लेबल लावतात तसे कागद लावले, रंगीत फ्लॅग चिकटवले, सोसायटीतल्या चार कुटुंबांचे फॉर्मही भरून दिले. लोक म्हणायचे, तू किती धीराची. मलाही तसंच वाटत होतं.

मे महिन्यात दुपारी मेसेज आला, पाच लाख जमा. नवऱ्याने ऑफिसमधून फोन केला, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी त्याच संध्याकाळी एटीएमवर जाऊन दहा हजार काढले. का, ते मला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा. पुढच्या आठवड्यात काउंटरवर जाऊन चाळीस हजार, मोठ्या नोटा मागून, कारण मोठ्या नोटांना जागा कमी लागते. माळ्यावर कुकरचं रिकामं खोकं होतं, त्यात जुन्या परकराच्या कापडात गुंडाळून ठेवत गेले. दिवाळीपर्यंत पावणेदोन लाखांच्या आसपास रोकड घरात होती आणि नवऱ्याला याची कल्पना नव्हती.

रात्री दोन-अडीचला जाग यायची. आधी मोबाइलवर शिल्लक बघायची, मग स्टूल घेऊन माळ्यावरचं खोकं चाचपायचं, मग पुन्हा शिल्लक. ठेवीदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात रात्रभर काहीतरी चालू असे: अमुक बँक उद्या बुडणार, तमुक बँकेचं एटीएम बंद, सरकार सगळ्यांच्या ठेवी घेणार. मी प्रत्येक मेसेज वाचत होते. दिवसा भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून आवाज चढायचा. मुलीच्या क्लासचा दुसरा हप्ता बत्तीस हजार होता, पैसे खात्यात होते, आणि मी तीन आठवडे आज भरते, उद्या भरते करत राहिले. शेवटी क्लासमधून तिलाच विचारलं. ती घरी येऊन म्हणाली, "आई, आपल्याकडे पैसे नाहीयेत का? तसं असेल तर मी क्लास सोडते." तिने हे रडत वगैरे नाही, अगदी समजूतदारपणे विचारलं. सोळा वर्षांच्या मुलीचा तो समजूतदारपणा मी ओळखत होते. तो माझाच होता.

नवऱ्याशी बोलणं जवळजवळ थांबलं होतं. ती बँक त्याने सुचवली होती, संचालक मंडळात त्याच्या ओळखीचे होते, व्याज अर्धा-पाऊण टक्का जास्त होतं. मी त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही आणि त्याला तो रोज ऐकू येत होता.

डिसेंबरात छातीत धडधड वाढली म्हणून माझ्याच लॅबमध्ये माझं रक्त तपासलं. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, सगळं ठीक. ईसीजीही ठीक. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "झोप किती लागते?" त्यांनीच ठाण्यातल्या एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. एका सत्राचे बाराशे रुपये. पैशाच्या भीतीसाठी पैसे खर्च करायचे हे मला पटेना, महिनाभर गेले नाही. मग २०२३ च्या जानेवारीत गेले. सुरुवातीला दर आठवड्याला, नंतर पंधरा दिवसांनी, नंतर महिन्याने. वर्षभरात अठरा-वीस हजार रुपये लागले. ज्यांना हे परवडत नाही किंवा आधी नुसतं कुणाशी बोलून बघायचं आहे त्यांनी १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लावा. सरकारी आहे, मोफत आहे, कोणत्याही वेळी लागतो, मराठीत बोलता येतं. मी पुढे सोसायटीतल्या एका काकांना तो लावून दिला, त्यांना उपयोग झाला.

पहिल्या भेटीत बाईंनी बँकेबद्दल फारसं विचारलंच नाही. पैशाची पहिली आठवण कोणती, एवढंच विचारलं, आणि पुढच्या वेळी लिहून आणायला सांगितली.

मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले, तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. आमच्याकडे पहिले दोन-तीन महिने सगळं नेहमीसारखं होतं. मग आई वाण्याकडे मला पाठवू लागली. स्वतः जात नसे, कारण मोठ्या माणसाला वाणी नाही म्हणू शकतो. त्याच्याकडे लाल कापडी बांधणीची लांबट वही होती. मी म्हणायचं, "आईने सांगितलंय, पगार झाला की देते." पगार होणार नाही हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. तो पेन्सिल कानावरून काढायचा, वहीत लिहायचा, आणि लिहिताना माझ्याकडे बघायचा नाही. दोन किलो तांदूळ, पावशेर तेल, चहाची पुडी. एके दिवशी त्याने वही उघडलीच नाही. मी रिकामी पिशवी घेऊन परत आले आणि आईला सांगितलं, दुकान बंद होतं. तेव्हापासून घरात मी कधी काही मागितलं नाही. सहलीला गेले नाही, वह्यांची मागची पानं वापरली. सगळे म्हणायचे, मुलगी किती समजूतदार.

हे वाचून दाखवताना मला रडू आलं, आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं, कारण यातलं काहीच मी विसरले नव्हते. फक्त हे आणि माळ्यावरचं खोकं एकाच धाग्याचे आहेत हे मला कधी दिसलं नव्हतं. शाखेचं अर्धं शटर बघितलं त्या क्षणी माझ्यातली आठ वर्षांची मुलगी कामाला लागली होती. तिने फॉर्म भरले, तिनेच नोटा परकरात गुंडाळल्या. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की आता दर महिन्याला पगार होतो.

यानंतर झटकन काही बदललं असं मात्र नाही. समजलं म्हणून झोप लागली नाही. बाईंनी छोटी छोटी कामं दिली, त्यातली काही जमली, काही जमली नाहीत.

पहिलं काम, ग्रुप सोडणं. मला वाटलं होतं की ग्रुप सोडला तर काहीतरी महत्त्वाचं चुकेल. सोसायटीतल्या एका शिक्षकांना सांगितलं, खरी नोटीस आली तर मला फोन करा. त्यानंतर वर्षभरात त्यांचे मोजकेच फोन आले, तेवढंच खरं होतं.

दुसरं, शिल्लक बघण्याची वेळ ठरवणं. शनिवारी संध्याकाळी, एकदा. रात्री जाग आली तर मोबाइल बाहेरच्या खोलीत. हे सगळ्यात अवघड गेलं, अजूनही एखाद्या रात्री हात जातो.

तिसरं, वही. जमाखर्च मी आधीही लिहीत होते. बाईंनी तिसरा रकाना काढायला लावला: खर्च करताना काय वाटलं, एका शब्दात. ती वही माझ्यासमोर आहे, एप्रिल २०२३ चं पान: गॅस ११०२, काही नाही. वीजबिल, काही नाही. मुलीचे बूट १४००, धडधड. सासूबाईंची औषधं, काही नाही. हापूस एक डझन ७००, राग. माझी चप्पल ४५०, परत केली. महिनाभराने पान वाचलं तर चित्र स्पष्ट होतं. ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही अशा खर्चाला मला काहीच होत नव्हतं. जिथे आनंदाचा प्रश्न येत होता, विशेषतः माझ्या आनंदाचा, तिथे भीती उभी राहत होती. हे मला दहा वर्षं नुसते आकडे लिहून दिसलं नसतं. कुणी काही एकच गोष्ट करणार असेल तर हा रकाना काढा.

मग खोक्याचा विषय आला. नवऱ्याला सांगणं आवश्यक होतं आणि मी ते टाळत होते. निमित्त वेगळंच मिळालं. १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेने दोन हजारांच्या नोटा मागे घेत असल्याचं जाहीर केलं, ३० सप्टेंबरपर्यंत बँकेत भरा किंवा बदलून घ्या. माझ्या खोक्यात त्याच नोटा जास्त होत्या. बदलून घ्यायच्या तर एका वेळी वीस हजारांपर्यंतच, खात्यात भरायच्या तर ती मर्यादा नव्हती. त्या रात्री खोकं खाली काढून डायनिंग टेबलावर ठेवलं. नवऱ्याने नोटा बघितल्या, मोजल्या नाहीत. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मी रोज ऑफिसला जाताना त्या बँकेसमोरून जात नाही, लांबून जातो. सव्वा वर्ष झालं." त्याने हे मला सांगितलं नव्हतं. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा पैशावर बोललो. लग्नाला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती आणि हप्ते, फी, दवाखाना यांवर आम्ही रोजच बोलत आलो होतो. आपल्याला कशाची भीती वाटते यावर कधीच नाही. त्याची भीती माझ्यासारखी नव्हतीच. त्याला पैसे जाण्याची फार भीती वाटत नव्हती, घरात आपलं मत आता कुणी घेणार नाही याची वाटत होती.

बाईंच्या सांगण्यावरून सगळी रोकड एकदम भरली नाही. दोन हजारांच्या नोटा जूनमध्ये दोन वेळा जाऊन भरल्या. बाकीचे दर आठवड्याला पाच हजार. स्लिप भरायची, काउंटरवर द्यायचे, शिक्का मारलेली प्रत घ्यायची, बाहेर येऊन चहा प्यायचा, लगेच शिल्लक बघायची नाही. पहिल्या आठवड्यात घशाला कोरड पडली होती. गणपतीच्या सुमारास मी लॅबमधल्या कामाचा विचार करत स्लिप भरत होते हे माझ्या लक्षात आलं. घरात किती रोकड ठेवायची हे दोघांनी मिळून ठरवलं: एका महिन्याचा किराणा आणि औषधं एवढी. ती कपाटात असते, सगळ्यांना माहीत आहे.

उरलेल्या ठेवींची रचनाही त्याच काळात बदलली. आता तीन बँका. एका बँकेत एका नावावर सव्वाचार लाखांपेक्षा जास्त मुद्दल ठेवत नाही, म्हणजे व्याज चढलं तरी पाच लाखांच्या आत राहतं. बँक विमा असलेली आहे ना हे महामंडळाच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघता येतं. पतसंस्थांतल्या ठेवींना हा विमा नाही. नावात काहीही असलं तरी बँक आहे की पतसंस्था हे आधी विचारा. सासूबाईंचे पैसे थोडे पोस्टात ठेवले, कारण त्यांना पोस्टात बरं वाटतं. त्यांना बरं वाटणं हे कारण मी पूर्वी मानलं नसतं, व्याजाचा हिशेब मांडून त्यांना गप्प केलं असतं.

शनिवारची बैठक टिकली आहे. अर्धा तास, चहा, वही. सुरुवातीच्या बैठका भांडणात संपल्या. मग नियम केला की आधी फक्त आकडे वाचायचे, त्यावर कुणी काही बोलायचं नाही, आणि मत नंतर. दोघांना महिन्याला पाचशे-पाचशे रुपये असे ठेवले की ज्यांचा हिशेब कुणी मागायचा नाही. मी माझे पाचशे पहिले काही महिने खर्चच केले नाहीत, साठवले. बाईंनी ते हेरलं. म्हणाल्या, साठवायला तुम्हाला शिकवायची गरज नाही. त्यांच्यासमोर कबूल करून मी फडके रोडवरून सोनचाफ्याची फुलं आणि चप्पल आणली. चप्पल परत केली नाही.

मुलगी बारावी झाल्यावर बैठकीला बसू लागली. तिला आम्ही सगळे आकडे दाखवले, घराच्या कर्जाचेसुद्धा. मला वाटलं होतं ती घाबरेल. तिने फक्त विचारलं, "एवढंच आहे का?" तिच्या मनात कर्ज यापेक्षा कितीतरी मोठं होतं, कारण आम्ही ते कधी सांगितलंच नव्हतं. इंजिनिअरिंगची पहिल्या वर्षाची फी भरताना ती माझ्याशेजारी बसली होती. वहीच्या तिसऱ्या रकान्यात मी त्या दिवशी लिहिलं आहे: धडधड, आणि बरं.

एक यादीही केली, घरातली सगळी खाती, पॉलिसी, पावत्या, कुठे काय ठेवलं आहे, नामनिर्देशन (नॉमिनी) कुणाचं. माझ्या एका जुन्या एफडीवर अजून वडिलांचंच नाव होतं, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, टक्केवारीसकट. ते आम्ही करून घेतलं. शाखेत अर्ज आणि पोच, पैसे लागत नाहीत. कुणाच्या जुन्या खात्याचा पत्ता लागत नसेल तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी त्यावर नावाने शोधता येतात. माझ्या आईच्या नावाने शोधून बघितलं, काही नव्हतं.

आमच्या बँकेचा परवाना २०२३ च्या पावसाळ्यात रद्द झाला, बँकेची देणी-येणी निकालात काढायला अवसायक नेमले गेले. माझे पाच लाखांवरचे साधारण दीड लाख तिथे अडकले आहेत. त्यासाठी दावा अर्ज दिला आहे, पावत्यांच्या मूळ प्रती दाखवून झेरॉक्स जोडल्या, पोच फाइलमध्ये आहे. कर्जांच्या वसुलीतून जे येतं त्यातून आधी विमा महामंडळाचे पैसे फेडले जातात, मग आमच्यासारख्यांचा नंबर. कधी, किती, काही सांगता येत नाही. वहीत त्यासाठी शेवटचं पान ठेवलं आहे, वर 'येणं' असं लिहून. दर तीन महिन्यांनी मी फोन करते, तारीख आणि उत्तर लिहिते, पान उलटते. ते दीड लाख आमच्या कुठल्याच हिशेबात धरलेले नाहीत. आले तर काय करायचं हे मुलीला विचारलं, ती म्हणाली, आजीला काशीला नेऊ. नवरा लगेच तिकिटांचे दर बघायला लागला.

वडिलांच्या संपाबद्दल मी आईला, ती होती तोवर, कधी विचारलं नाही. धाकट्या भावाला मात्र गेल्या दिवाळीत वाण्याच्या वहीबद्दल सांगितलं. तो तेव्हा तीन वर्षांचा होता, त्याला काही आठवत नाही. पण तोही दुकानात सुटे पैसे दोनदा मोजतो.

तुमच्या बँकेवर नुकतेच निर्बंध आले असतील तर पहिल्या ४५ दिवसांत संमतीपत्र गेलंच पाहिजे, नाव आणि पॅन जुळतंय का ते आजच बघा. रात्रीचा ग्रुप बंद ठेवा. घरातल्या ज्याने ती बँक निवडली त्याला शाखेत एकटं पाठवू नका, सोबत जा. आणि रांगेत कुणी वयस्कर माणूस जुनं पासबुक घेऊन उभा दिसला तर त्याच्या फॉर्मवरचा आयएफएससी तेवढा मोबाइलवर तपासून द्या. विलीन झालेल्या बँकांचे कोड बदलले आहेत, आणि फॉर्म परत आला की हातातले दिवस तेवढे कमी होतात.